दोनचा बत्तिसावा घात, अधिक एक

४,२९,४९,६७,२९७. चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. दशमान पद्धतीत लिहिलेली ही संख्या पहिल्या नजरेत काहीच सांगत नाही. अंकांना क्रम नाही, तोल नाही. हीच संख्या द्विमान पद्धतीत लिहिली तर आधी १, मग ओळीनं एकतीस शून्यं आणि शेवटी पुन्हा १. दोनचा बत्तिसावा घात घ्यायचा आणि त्यात एक मिळवायचा, एवढीच तिची घडण. हा शेवटचा एक मला फार मोलाचा वाटतो. या संख्येवर जे काही घडलं ते त्या एकामुळे घडलं, आणि तो एक येतो कुठून हे समजलं की संख्या पूर्ण वाचून झाली असं म्हणता येतं.

तिची प्रसिद्धी एका चुकलेल्या अंदाजामुळे आहे. तुलूझच्या न्यायालयात काम करणारा पिएर द फर्मा गणित करायचा ते फावल्या वेळात, आणि सांगायचा ते पत्रांतून. १६४० च्या ऑगस्टमध्ये त्यानं फ्रेनिकल या मित्राला एका संख्यामालेबद्दल लिहिलं. दोनचे घात घ्यायचे, पण घातांक म्हणूनही १, २, ४, ८, १६ असे दोनचेच घात वापरायचे आणि प्रत्येक वेळी एक मिळवायचा. मिळतात ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७. या पाचही मूळ संख्या आहेत. सहावी म्हणजे आपली संख्या. फर्माचं म्हणणं असं की माला कितीही पुढे नेली तरी मूळ संख्याच मिळत राहतील. सिद्धता हाती नव्हती, हे त्यानं प्रांजळपणे लिहिलं. पण विश्वास पक्का होता आणि पुढे १६५४ साली पास्कलला लिहितानाही तो कायम होता.

हा अंदाज उथळ नव्हता. घातांकाला एखादा विषम अवयव असला की संख्या लगेच फुटते. दोनचा सहावा घात अधिक एक म्हणजे ६५. सहा म्हणजे दोन गुणिले तीन, म्हणून ६५ हा चारचा घन अधिक एक होतो आणि त्याला चार अधिक एकनं, म्हणजे पाचनं, भाग जातो. ही फट बुजवायची तर घातांकात विषम अवयव असता कामा नये, म्हणजेच घातांक स्वतःच दोनचा घात हवा. फर्मानं संख्या फुटण्याचा एक राजमार्ग बंद केला होता आणि त्यानंतरच्या पाच संख्या त्याच्या बाजूनं उभ्या राहिल्या होत्या. सहावी तपासायची तर तिच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ६५,५३६ पर्यंत, ज्या ६,५४२ मूळ संख्या आहेत त्या प्रत्येकीनं भागून बघायचं. हातानं एवढे भागाकार कोण करणार?

त्याआधी तिच्या शेजारणीकडे पाहू. आपल्या संख्येहून दोननं लहान असलेली ४,२९,४९,६७,२९५ ही संख्या म्हणजे ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाच जणींचा गुणाकार. तीन पाचे पंधरा, म्हणजे सतराला दोन कमी. पंधरा सत्रे दोनशे पंचावन्न, म्हणजे २५७ ला दोन कमी. प्रत्येक पायरीवर हेच घडतं, कारण एकनं कमी आणि एकनं जास्त अशा दोघांचा गुणाकार म्हणजे वर्गातून एक वजा. याचा एक परिणाम ख्रिस्तियान गोल्डबाख या गणितज्ञानं १७३० साली आपल्या गणिती मित्राला, ऑयलरला, कळवला होता: या मालेतल्या कुठल्याही दोन संख्या सहमूळ असतात. समाईक अवयव असता तर त्यानं दोनलाही भागलं असतं, आणि या साऱ्या संख्या विषम आहेत. म्हणजे आपली संख्या फुटणार असेल तर ती तिच्या पाच थोरल्या बहिणींपैकी कुणाकडूनही फुटणार नाही. तिला तोडणारा अवयव नवाच असला पाहिजे.

ही शेजारीण भूमितीतही मानाची आहे. १७९६ च्या ३० मार्चला, वयाची एकोणीस वर्षंही पूर्ण झालेली नसताना, गाउसच्या लक्षात आलं की फक्त पट्टी आणि कंपास घेऊन सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो. बाजूंची संख्या विषम असेल तर ती याच मालेतल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. तेव्हाच रचना जमते. आज माहीत असलेल्या अशा मूळ संख्या त्या पाचच. त्यांचे एकतीस गुणाकार होतात, आणि विषम बाजूंचा आपल्याला माहीत असलेला सर्वांत मोठा काढण्याजोगा बहुभुज बरोबर ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा आहे.

मेरुप्रस्तारातही ही जोडी शेजारी शेजारी भेटते. पिंगलाच्या छंदःसूत्रांवर दहाव्या शतकात टीका लिहिताना हलायुधानं जो संख्यांचा डोंगर रचून दाखवला, त्यात प्रत्येक विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहा आणि प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचा. १, ३, ५, १५, १७, ५१ असं वाचन सुरू होतं. पहिल्या बत्तीस ओळींत १ आणि त्यामागोमाग काढता येणारे ते एकतीसच्या एकतीस विषम बहुभुज चढत्या क्रमानं येतात. बत्तिसावी ओळ सगळी एकांनी भरलेली असते आणि ती म्हणजे ४,२९,४९,६७,२९५. तेहेतिसावी ओळ येते: १, एकतीस शून्यं, १. आपली संख्या. पट्टी-कंपासची साखळी नेमकी इथे तुटते.

आता अवयवाकडे. मॉस्कोत असलेल्या गोल्डबाखनं १ डिसेंबर १७२९ च्या पत्राच्या ताजा कलमात पीटर्सबर्गच्या तरुण ऑयलरला विचारलं की फर्माचं हे निरीक्षण तुम्हांला ठाऊक आहे का. ऑयलरला सुरुवातीला त्यात रस वाटला नाही. गोल्डबाखनं विषय सोडला नाही. २६ सप्टेंबर १७३२ ला, पंचवीस वर्षांच्या ऑयलरनं पीटर्सबर्गच्या अकादमीपुढे छोटासा निबंध मांडला आणि त्यात सांगितलं की ४,२९,४९,६७,२९७ ला ६४१ नं निःशेष भाग जातो. भागाकार ६७,००,४१७. हा अवयव कसा सापडला याबद्दल त्या निबंधात चकार शब्द नाही. उत्तर कळल्यावर पडताळणी सोपी आहे. सहा आकडी गुणाकारही न झेपणारा माणूस ती कागदावर करू शकेल. पण ६४१ च का?

पंधरा वर्षांनी, १७४७ मध्ये अकादमीपुढे मांडलेल्या दुसऱ्या निबंधात ऑयलरनं वाट दाखवली. आपल्या संख्येला भागणारी एखादी मूळ संख्या असेल असं धरा. दोनचे घात एकेक करून घ्या आणि त्या मूळ संख्येनं भागून दर वेळी बाकी लिहा. बत्तिसाव्या पायरीवर बाकी उणे एक, म्हणजे भाजकाहून एकनं कमी. तिचा वर्ग चौसष्टाव्या पायरीवर, म्हणून तिथे बाकी १. त्याआधी १ येऊच शकत नाही, आणि चौसष्टनंतर तेच चक्र पुन्हा फिरू लागतं. दुसरीकडे, कुठल्याही विषम मूळ संख्येबाबत हे नक्की असतं की तिच्याहून एकनं कमी असलेल्या पायरीवर बाकी १ च येते. तेव्हा त्या ‘एकनं कमी’ संख्येत चौसष्टाचे पूर्ण फेरे बसले पाहिजेत. भाजक चौसष्टाच्या पटीहून एकनंच मोठा हवा. आता यादी करा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यातल्या मूळ संख्या निवडल्या की १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचवा भागाकार जमतो. ६,५४२ उमेदवारांपैकी पाच! १८७८ साली ल्यूका या गणितज्ञानं हीच अट दुप्पट कडक करून दाखवली, चौसष्टऐवजी एकशे अठ्ठावीसची पट. मग ६४१ च्या आत उरते ती एकटी २५७. आणि ती तर थोरली बहीण, गोल्डबाखच्या नियमानं आधीच बाद. म्हणजे पहिलाच प्रयत्न यशस्वी.

यात मला सर्वांत विलक्षण वाटतं ते १६४० हे साल. मूळ संख्येहून एकनं कमी असलेल्या पायरीवर बाकी १ येते, हा नियम फर्माचाच, १८ ऑक्टोबर १६४० च्या पत्रातला. तेही त्याच फ्रेनिकलला लिहिलेलं पत्र, ज्याला दोनच महिन्यांपूर्वी ही माला कळवली होती. इतकंच नाही, त्याच वर्षी जूनमध्ये फर्मानं हेच हत्यार दुसऱ्या एका राक्षसी संख्येवर चालवलं होतं. दोनचा सदतिसावा घात उणे एक, म्हणजे १,३७,४३,८९,५३,४७१. तिचे विभाजक चौऱ्याहत्तरच्या पटीहून एकनं मोठे असले पाहिजेत हे ओळखून त्यानं १४९ आणि मग २२३ तपासली, आणि २२३ नं संख्या फुटली. ही आपल्या संख्येच्या बत्तीस पट मोठी होती, तरी फर्मानं तिला जेरीस आणलं. आपल्या संख्येकडे मात्र त्यानं ते हत्यार वळवलं नाही, किंवा वळवलं तर कुठेतरी भागाकारात घसरला. त्याच्या थोरवीला यानं बाधा येत नाही. उलट, किल्ल्या स्वतःच घडवून त्याच वर्षी आपल्या ओळखीच्या माणसांना वाटून टाकणाऱ्या माणसाबद्दल मला अधिकच माया वाटते.

ऑयलरची वाट ६४१ पर्यंत पोचवते, पण भागाकार जमतो हे अखेर करूनच पाहावं लागतं. तो न करता नुसतं पाहून कळेल का? कळतं, आणि हा या संख्येच्या वाचनातला एक देखणा क्षण आहे. ६४१ कडे दोन नजरांनी बघा. एकदा ती ६४० अधिक १ आहे, आणि ६४० म्हणजे पाच गुणिले दोनचा सातवा घात. दुसऱ्यांदा ती ६२५ अधिक १६ आहे, म्हणजे पाचचा चौथा घात अधिक दोनचा चौथा घात. दोन्ही नजरांत पाच आणि दोनखेरीज कुणी नाही.

आता ६४० चा चौथा घात घ्या: १,६७,७७,२१,६०,०००. यातून एक वजा केला की उरलेल्या संख्येला ६४१ नं भाग जाणारच, कारण कुठल्याही संख्येच्या चौथ्या घातातून एक काढला तर त्या संख्येहून एकनं मोठीनं भाग जातो. हीच ६४० च्या चौथ्या घाताची संख्या दुसऱ्या अंगानं पाचचा चौथा घात गुणिले दोनचा अठ्ठाविसावा घात आहे. तिच्यात दोनचा बत्तिसावा घात मिळवा. दोनचा अठ्ठाविसावा घात दोघांत समाईक. तो बाहेर काढला की आत उरतं पाचचा चौथा घात अधिक दोनचा चौथा घात. म्हणजे ६४१! तेव्हा ही बेरीजही ६४१ ची पट. आकड्यांत, १,७२,०६,७१,२७,२९६. या दोन पटींची वजाबाकी करा, १,७२,०६,७१,२७,२९६ मधून १,६७,७७,२१,५९,९९९, आणि उरते ४,२९,४९,६७,२९७. ६४१ च्या दोन पटींमधलं अंतर ६४१ ची पटच असणार. एकही भागाकार केलेला नाही.

मला या युक्तिवादात आवडतो तो त्याचा काटकसरीपणा. अब्जांतल्या संख्येचं भवितव्य पाच आणि दोन या दोनच आकड्यांवर ठरतं. पण तो सगळा ६४१ च्या कौतुकाचा आहे. दुसऱ्या अवयवाविषयी तो गप्प राहतो. या संख्येबद्दल लिहिणारे बहुतेक जण ६४१ जवळ थांबतात आणि ६७,००,४१७ ला उरलंसुरलं समजून पुढे जातात. १८१२ च्या सुमारास अमेरिकेतल्या व्हरमाँटहून लंडनला आणलेल्या झेरा कोलबर्न या आठ-नऊ वर्षांच्या गणिती मुलाला ही संख्या दिली तेव्हा त्यानं दोन्ही अवयव तोंडी सांगितले. कसे ते त्याला समजावता येत नव्हतं. निदान त्यानं तरी दोघांना सारखा मान दिला.

६७,००,४१७ मूळ आहे की नाही, हे ठरवणंही तिच्या वंशपरंपरेमुळे सोपं जातं. तिचे विभाजक हे आपल्या संख्येचेही विभाजक, म्हणून तेही एकशे अठ्ठावीसच्या पटीहून एकनं मोठे हवेत. तिचं वर्गमूळ २,५८८ च्या आसपास. तिथपर्यंत अशा मूळ संख्या पाचच: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. एकीनंही भाग जात नाही. म्हणून ती मूळ आहे आणि फोड इथे पूर्ण होते. पुढच्या संख्यांच्या वाट्याला एवढी सुबक फोड आलेली नाही. सातव्या फर्मा संख्येचे अवयव १८८० साली लँड्रीनं वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी छापून दिले, नवव्या-दहाव्या संख्येसाठी संगणक राबले, आणि पाच जणींनंतर एकही मूळ फर्मा संख्या आजवर कुणाला सापडलेली नाही.

आता त्या शेवटच्या एकाकडे. दोनचा बत्तिसावा घात हा ६५,५३६ चा वर्ग, म्हणून आपली संख्या जन्मतःच दोन वर्गांची बेरीज आहे: ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग. १६४० च्याच २५ डिसेंबरला फर्मानं मर्सेन या पत्रमित्राला आणखी एक नियम कळवला होता. चारनं भागल्यावर बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, आणि एकाच प्रकारे. आपली संख्या मूळ असती तर तिची मांडणी एवढी एकच असती. तिचे दोन अवयव मूळ आहेत, दोघांतही चारनं भागून बाकी १ उरते, म्हणून त्यांची एकेक मांडणी आहे. ६४१ म्हणजे २५ चा वर्ग अधिक ४ चा वर्ग. मघाच्या पाच आणि दोनच्या चौथ्या घातांचंच हे दुसरं रूप. आणि ६७,००,४१७ म्हणजे २,५५६ चा वर्ग अधिक ४०९ चा वर्ग.

वर्गांच्या अशा बेरजा गुणायच्या कशा हे दोन वर्गांपुरतं डायोफँटसच्या ग्रंथातही दिसतं. पण त्याला सर्वसाधारण रूप दिलं ब्रह्मगुप्तानं, इ.स. ६२८ च्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात, वर्गप्रकृतीच्या प्रकरणात. आपल्या परंपरेत या गुणाकाराला भावना म्हणतात. पहिल्या जोडीतली प्रत्येक संख्या दुसऱ्या जोडीतल्या संख्यांनी गुणायची. मग एका जागी बेरीज, दुसऱ्या जागी वजाबाकी. चिन्हांची अदलाबदल केली की त्याच गुणाकारातून दुसरी मांडणी मिळते.

करून पाहू. २५ गुणिले २,५५६ म्हणजे ६३,९००. ४ गुणिले ४०९ म्हणजे १,६३६. त्यांची बेरीज ६५,५३६. बरोबर दोनचा सोळावा घात! आता तिरके गुणाकार. २५ गुणिले ४०९ म्हणजे १०,२२५. ४ गुणिले २,५५६ म्हणजे १०,२२४. त्यांची वजाबाकी १.

तो एक हा. संख्येच्या व्याख्येत शेवटी चिकटवलेला वाटणारा एक खरं तर दोन लगतच्या संख्यांमधलं अंतर आहे. १०,२२५ आणि १०,२२४ इतक्या जवळ आल्या म्हणून ही संख्या फर्माच्या मालेत बसली. ज्या दोन अवयवांनी तिला फोडलं त्यांच्याच तिरक्या गुणाकारांतून तिचा तो शेवटचा एक तयार होतो. मला गणितात इतकी नेटकी जुळणी फार थोड्या ठिकाणी भेटली आहे, आणि ही जुळणी कुणी मुद्दाम घडवलेली नाही.

चिन्हं उलटी करा. ६३,९०० मधून १,६३६ वजा केले की ६२,२६४. १०,२२५ आणि १०,२२४ मिळवले की २०,४४९, जो स्वतः १४३ चा वर्ग आहे. ६२,२६४ चा वर्ग ३,८७,६८,०५,६९६ आणि २०,४४९ चा वर्ग ४१,८१,६१,६०१. बेरीज पुन्हा ४,२९,४९,६७,२९७. दुसरी मांडणी मिळाली; म्हणजे फर्माच्या नाताळच्या पत्रातला नियम एकटाच पुरेसा होता, ही संख्या मूळ नाही हे सांगायला.

आणि या दोन मांडण्या हातात असल्या तर अवयव विसरले तरी चालतं. सम पदं घ्या, ६५,५३६ आणि ६२,२६४: वजाबाकी ३,२७२, बेरीज १,२७,८००. विषम पदं घ्या, २०,४४९ आणि १: वजाबाकी २०,४४८, बेरीज २०,४५०. दोन वजाबाक्यांचा मसावि ८. दोन बेरजांचा मसावि ५०. त्यांची निमपट ४ आणि २५. वर्ग १६ आणि ६२५, बेरीज ६४१. मसाविनं भागल्यावर दोन्ही वेळा जे भागाकार हाती राहतात ते ४०९ आणि २,५५६, आणि त्यांच्या वर्गांची बेरीज ६७,००,४१७.